घरी बनवलेला सीडी प्लेयर आणि वारंवार येणारं ‘नो डिस्क’

सीडी आत आहे, ट्रे बंद झालाय, मोटर फिरल्याचा आवाजही आला, आणि तरीही डिस्प्लेवर ‘नो डिस्क’. रीसेट दाबलं की कधी लगेच चालतं, कधी चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केलं की पुन्हा तेच. जुना आयडीई (जुन्या पीसीतल्या रुंद पट्टीसारख्या केबलची जोडणी) सीडी-रॉम ड्राइव्ह मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या चिपला, जोडून प्लेयर बनवणाऱ्यांकडून ही तक्रार सतत ऐकायला मिळते. त्यानंतर काय होतं तेही ठरलेलं आहे: लेन्स पुसली जाते, भंगारातून दुसरा ड्राइव्ह येतो, सप्लाय बदलला जातो, आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ड्राइव्हला विचारा. आपलं काय बिनसलंय हे त्याला बहुतेक वेळा नेमकं माहीत असतं आणि तो ते सांगायला तयार असतो. आपला प्रोग्राम ते ऐकून घेत नाही.

मी इथे जी जोडणी धरून चाललोय ती अशी: एटीमेगा ३२ कंट्रोलर, ४० पिनांचा आयडीई कनेक्टर असलेला सीडी-रॉम ड्राइव्ह आणि १६ बाय २ चा एचडी४४७८० जातीचा एलसीडी. आपल्याकडच्या कॉलेजांत हा कंट्रोलर वर्षानुवर्षं वापरला जातो आणि त्याचे ३२ पिन या कामाला पुरेपूर लागतात. डेटाचे खालचे आठ बिट पोर्ट ए वर, वरचे आठ पोर्ट सी वर. पत्त्याच्या तीन ओळी, दोन चिप सिलेक्ट, रीड, राइट आणि रीसेट असे आठ पोर्ट बी वर. पोर्ट डी वर एलसीडीच्या सहा तारा आणि उरलेल्या दोन पिनांवर बटणं. तुमचा कंट्रोलर वेगळा असेल तरी ड्राइव्हच्या बाजूचं सगळं तसंच लागू पडतं. पुढे कमांड, रजिस्टर (ड्राइव्ह किंवा चिपमधला वाचता-लिहिता येणारा छोटा कप्पा) आणि कोड म्हणून जे आकडे येतील ते हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर, वाचायचे; बाइटचे क्रमांक मात्र नेहमीसारखे दशमानात.

‘नो डिस्क’ नेमकं कोण म्हणतंय?

ड्राइव्ह कधीच ‘नो डिस्क’ म्हणत नाही. ते शब्द आपल्या प्रोग्राममध्ये लिहिलेले असतात. बहुतेक घरगुती प्रोग्रामांत रचना अशी असते: ड्राइव्हला ०० ही ‘तयार आहेस का’ विचारणारी कमांड पाठवायची, स्टेटस रजिस्टरचा सगळ्यात खालचा बिट, म्हणजे एररचा बिट, एक आला की ‘नो डिस्क’ छापायचं आणि थांबायचं. पण तो बिट फक्त ‘काहीतरी सांगायचंय’ एवढंच कळवतो. सीडी नाही, सीडी आहे पण अजून वेग घेतेय, सीडी आत्ताच बदलली, मी आत्ताच चालू झालो, फोकस लागत नाही, तुझी कमांडच मला कळली नाही, या सगळ्यांना बिट एकच. सहा वेगवेगळ्या गोष्टी एकाच पाटीखाली गेल्या की दुरुस्ती अंदाजावर चालते.

खरं उत्तर ०३ या कमांडने मिळतं. ही ‘रिक्वेस्ट सेन्स’ कमांड स्कझी या जुन्या जोडणीच्या घराण्यातून अटॅपीत, म्हणजे आयडीईवरून सीडी ड्राइव्हशी बोलायच्या पद्धतीत, आली आहे. एरर आल्याबरोबर, मध्ये दुसरी कोणतीही कमांड न घालता ती पाठवायची आणि १८ बाइट मागायचे. शून्यापासून मोजलं तर २ क्रमांकाच्या बाइटचे खालचे चार बिट म्हणजे सेन्स की (कारणाचा ढोबळ प्रकार), १२ क्रमांकाचा बाइट म्हणजे मुख्य कारण आणि १३ क्रमांकाचा म्हणजे त्या कारणाचा पोटभेद. हे तीन आकडे एलसीडीच्या खालच्या ओळीत जसेच्या तसे छापा. डिस्प्लेचं सुंदर काम नंतर करता येईल, आधी खालची ओळ या तीन आकड्यांना देऊन टाका. तेवढंही जमत नसेल तर एक सोपी वाट आहे: अटॅपी ड्राइव्हच्या एरर रजिस्टरचे वरचे चार बिट म्हणजेच सेन्स की. वेगळी कमांड न पाठवताही अर्धं उत्तर हाती येतं.

निरोगी ड्राइव्ह सुरू होताना हे आकडे कसे बदलतात ते एकदा नीट पाहा. सीडी आधीच आत आहे आणि तुम्ही पॉवर दिली, तर पहिल्या विचारणीला उत्तर येतं ०६ २९ ००. याचा अर्थ मी आत्ताच चालू झालो किंवा मला रीसेट मिळाला. पुढच्या विचारणीला अनेकदा ०६ २८ ००, म्हणजे आतली सीडी बदललेली असू शकते. मग काही सेकंद ०२ ०४ ०१ येत राहतं: तयार होतोय, थांब. या वेळात ड्राइव्ह सीडीला वेग देतो, लेन्स वरखाली करून फोकस धरतो आणि आतल्या कडेचा लीड-इन वाचतो, कारण गाण्यांची यादी तिथेच असते. शेवटी ०० ०० ००.

यातला एकही आकडा बिघाडाचा नाही. सेन्स की ०६ ही नुसती वर्दी आहे. ती एकदा दिली जाते, आणि तुम्ही सेन्स वाचला की पुसली जाते. पण पहिल्याच एररला हार मानणाऱ्या प्रोग्रामला हे सगळं बिघाडासारखंच दिसतं. रीसेट दाबल्यावर का चालतं त्याचाही उलगडा इथेच होतो. कंट्रोलरचं रीसेट बटण दाबलं तरी ड्राइव्हची पॉवर जात नाही, सीडी फिरतच असते, वर्दी आधीच देऊन झालेली असते, त्यामुळे या खेपेला पहिलंच उत्तर ‘तयार’ असं येतं. तुमचा प्रोग्राम सुरुवातीला ड्राइव्हलाही रीसेट देत असेल तर मात्र वर्दी पुन्हा येते आणि मग चालणं न चालणं लहरीवर असल्यासारखं वाटतं. सीडी बदलल्यावरच बिघाड होतो असं सांगणाऱ्यांचं कारणही २८ चं, म्हणजे हेच.

उपाय प्रोग्राममध्ये आहे. ०० कमांड पाठवा. एरर आली तर सेन्स वाचा. की ०६ असेल तर काहीही न छापता लगेच पुन्हा विचारा. ०२ ०४ असेल तर ‘वाचतोय’ छापा, अर्धा सेकंद थांबा आणि पुन्हा विचारा. या फेऱ्यांना मर्यादा हवीच, पण ती ऐसपैस ठेवा. जुना ड्राइव्ह आणि थोडी ओरखडलेली सीडी असेल तर पंधरा-वीस सेकंदही लागू शकतात, म्हणून मी तीस सेकंदांच्या खाली जात नाही. ‘नो डिस्क’ फक्त ०२ ३ए आल्यावर. पुष्कळ ड्राइव्ह इथे पोटभेदही देतात: ०१ म्हणजे ट्रे बंद आहे पण आत काही नाही, ०२ म्हणजे ट्रे उघडा आहे. त्यावरून डिस्प्लेवर वेगळा मजकूर देता येतो, आणि प्लेयर वापरणाऱ्या घरच्या माणसांना त्याचा खरोखर उपयोग होतो.

आणखी एक जागा तपासा. हार्ड डिस्कसाठी लिहिलेला प्रोग्राम उचलला असेल तर तो रीसेटनंतर स्टेटसमधला ‘रेडी’ बिट एक होण्याची वाट पाहतो. अटॅपी ड्राइव्ह रीसेटनंतर तो बिट शून्यच ठेवतात. तिथे फक्त ‘बिझी’ बिट उतरण्याची वाट पाहायची, नाहीतर प्रोग्राम त्याच ओळीवर कायमचा अडकतो.

आकडेच येत नाहीत, किंवा भलतेच येतात

तीन आकडे वाचायच्या आधी ड्राइव्हशी बोलणं धड होतंय का ते पाहायला एक पक्की खूण आहे. रीसेटनंतर बिझी उतरला की सिलिंडर लो आणि सिलिंडर हाय ही दोन रजिस्टरं वाचा. अटॅपी ड्राइव्ह तिथे १४ आणि ईबी ठेवतो. हे दिसलं म्हणजे पत्त्याच्या ओळी, चिप सिलेक्ट, रीड आणि खालचे आठ बिट ठीक आहेत. सगळीकडे एफएफ किंवा ७एफ दिसलं तर पलीकडून कोणी उत्तरच देत नाहीये: केबल उलटी आहे, पॉवर नाही किंवा जंपर चुकलाय. पीसीतून काढलेले ड्राइव्ह पुष्कळदा स्लेव्हवर, म्हणजे केबलवरच्या दुसऱ्या ड्राइव्हच्या जागेवर, असतात. जंपर मास्टरवर आणा आणि डिव्हाइस रजिस्टरमध्ये ए० लिहा.

एक-दोन बिट अधूनमधून चुकत असतील तर वेळ पाहा. पीआयओच्या (प्रोग्रामने स्वतः डेटा हलवायच्या पद्धतीच्या) सर्वांत संथ मोडमध्येही आठ बिटांच्या रजिस्टरसाठी रीडची ओळ किमान २९० नॅनोसेकंद खाली धरावी लागते. १६ मेगाहर्ट्झवर एक सायकल ६२.५ नॅनोसेकंदांची, म्हणजे निदान पाच. मी आठ ठेवतो, त्याने प्लेयरच्या कामात काहीच फरक पडत नाही. केबल ४६ सेंटीमीटरपेक्षा लांब नको, आणि कनेक्टरमधल्या सगळ्या ग्राउंड पिना खरोखर जोडा. २, १९, २२, २४, २६, ३० आणि ४० या सातही. वेळ वाचवायला एकच ग्राउंड जोडलेले बोर्ड मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांचा त्रास फक्त मोटर फिरताना दिसतो.

आता एटीमेगा ३२ ची ती गोष्ट, जी सगळ्यात जास्त वेळ खाते. कारखान्यातून येणाऱ्या या चिपमध्ये जेटॅगचा (चिप तपासायच्या जोडणीचा) फ्यूज, म्हणजे चिपमध्ये कायम राहणारी सेटिंग, चालू असतो. जेटॅग चालू असेल तोवर पोर्ट सी चे २ ते ५ हे चार पिन साध्या कामाला मिळत नाहीत. वाचताना तिथे शून्य येतं, लिहिताना आपण लिहिलेलं बाहेर पोचत नाही. आपल्या जोडणीत पोर्ट सी म्हणजे डेटाचा वरचा बाइट. आता गंमत अशी की १४ आणि ईबी ही खूण खालच्या बाइटवर वाचली जाते, त्यामुळे ती अगदी बरोबर दिसते. सेन्स की आणि मुख्य कारण हे २ आणि १२ क्रमांकाचे बाइट, दोन्ही सम (डेटा दोन-दोन बाइटांच्या जोडीने येतो, सम खाली आणि विषम वर), म्हणजे तेही खालच्या बाइटवर आणि तेही बरोबर. बिघडतात ते सगळे विषम क्रमांकाचे बाइट.

४३ या कमांडने गाण्यांची यादी मागवली की शेवटच्या गाण्याचा क्रमांक ३ क्रमांकाच्या बाइटमध्ये येतो. सीडीवर १२ गाणी असतील तर तो बाइट ०००० ११००. नेमके तेच दोन बिट गायब, म्हणून प्रोग्रामला दिसतं शून्य. शून्य गाणी, म्हणून पाटी ‘नो डिस्क’. दोनतीनच गाणी असलेली सीडी मात्र ठीक दिसते, कारण ते आकडे खालच्या दोन बिटांत मावतात. एखाद्या शास्त्रीय मैफिलीची दोन रागांची सीडी चालते आणि भावगीतांची चालत नाही, असं कोणी सांगितलं तर मी आधी फ्यूज विचारतो. लिहितानाही हीच गत: ४७ या ‘वाजव’ कमांडमध्ये सुरुवातीचं मिनिट ३ क्रमांकाच्या बाइटमध्ये जातं, आणि ते भलतंच पोचतं. काही ड्राइव्ह अशी वेडीवाकडी कमांड ०५ २४ देऊन परत पाठवतात, काही ती निमूट पाळतात आणि सीडीवर कुठेतरीच जाऊन वाजवायला लागतात.

जेटॅगचा फ्यूज बंद करा. प्रोग्रामर हाताशी नसेल तर प्रोग्रामच्या सुरुवातीलाच एमसीयूसीएसआर रजिस्टरमधला जेटीडी बिट लागोपाठ दोनदा एक करा. दुसरं लिहिणं चार सायकलींच्या आत व्हायला हवं, नाहीतर चिप ते मानत नाही.

मोटरने वेग घेतला की सगळं पुन्हा पहिल्यापासून

‘वाचतोय’ आलं, मोटरचा आवाज चढला आणि डिस्प्ले पुन्हा सुरुवातीच्या नावावर गेला, तर तो सीडीचा प्रश्नच नाही. कंट्रोलर रीसेट होतोय. सीडी फिरवायला सुरुवात करताना ड्राइव्ह १२ व्होल्टवर क्षणभर एक अँपिअरच्या पुढे ओढू शकतो. छोटा ट्रान्सफॉर्मर आणि ७८१२ हा १२ व्होल्टचा रेग्युलेटर असेल तर रेग्युलेटर तिथेच दमतो, आणि त्याच ट्रान्सफॉर्मरवरून ७८०५ घेतला असेल तर ५ व्होल्टही खाली बसतात. साध्या मल्टिमीटरवर हे दिसत नाही, कारण हा झटका त्याच्या वाचण्याच्या वेगापेक्षा लवकर संपतो.

इथेही कंट्रोलरच उत्तर देतो. एमसीयूसीएसआर मध्ये रीसेटचं कारण लिहिलेलं असतं: बिट ० पॉवर आली, १ बटण दाबलं, २ व्होल्टेज खाली गेलं, ३ वॉचडॉग (अडकलेल्या प्रोग्रामला रीसेट देणारं घड्याळ). सुरू होताच तो आकडा डिस्प्लेवर छापा आणि मग रजिस्टर पुसा, नाहीतर जुने बिट साठत जातात आणि काहीच कळत नाही. बिट २ उपयोगाचा व्हायला व्होल्टेज तपासणारा ब्राउन-आउटचा फ्यूज चालू हवा. नव्या चिपमध्ये तो बंद असतो. तो ४.० व्होल्टवर चालू करा. बंद असेल तर व्होल्टेज बसल्यावर चिप रीसेटही होत नाही, अर्धवट भानावर राहून काहीही करते, आणि ते शोधणं जास्त अवघड.

एलसीडीवर मोटर फिरताना चित्रविचित्र अक्षरं येत असतील तर तेही याच घरातलं दुखणं आहे. चार तारांच्या मोडमध्ये प्रत्येक अक्षर दोन अर्ध्यांत जातं. गोंगाटामुळे ‘इनेबल’च्या तारेवर एखादी जादा टोच आली की अर्ध्यांची जोडी चुकते आणि तिथून पुढे सगळा मजकूर बिघडतो, एलसीडी पुन्हा सुरू करेपर्यंत. कंट्रोलर आणि एलसीडीच्या पॉवर पिनांजवळ १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर, कंट्रोलरसाठी वेगळा ७८०५, आणि ड्राइव्हचं ग्राउंड थेट सप्लायपर्यंत स्वतंत्र जाड तारेने. पीसीचा जुना सप्लाय वापरलात तर १२ व्होल्टचा प्रश्नच उरत नाही, प्लेयर तेवढा मोठा होतो.

आकडे खरोखर सीडीकडे बोट दाखवतात तेव्हा

सीडी आत असताना थांबून थांबून शेवटी ०२ ३ए, किंवा ०२ ३०, किंवा ०३ ने सुरू होणारं काही, किंवा ०४ ०९ आलं, तर आता लेन्सकडे जायला हरकत नाही. ०९ च्या पोटभेदांत ०१ म्हणजे ट्रॅक धरता येत नाही, ०२ म्हणजे फोकस लागत नाही, ०३ म्हणजे फिरण्याचा वेग सांभाळता येत नाही. एक सोपी चाचणी: छापील सीडी चालते आणि घरी बर्न केलेली चालत नाही असं असेल तर लेझर किंवा लेन्स कमजोर आहे. छापील सीडी निदान ७० टक्के प्रकाश परत पाठवते, बर्न केलेलीचं प्रमाण त्याहून थोडं कमी असतं, आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणारी तर जेमतेम १५ ते २५ टक्के. त्यामुळे सीडी-आरडब्ल्यू चालत नाही म्हणून जुन्या ड्राइव्हला दोष देऊ नका.

कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, लेन्सवर हलका हात, बस. लेन्स बारीक तारांवर किंवा पट्ट्यांवर तरंगत असते, दाबली की कायमची तिरकी होते. लेझरशेजारचा छोटा पॉट (लेझरचा जोर कमीजास्त करणारा स्क्रू) फिरवायचा सल्ला खूप जण देतात. तो ऐकू नका, त्याने थोडे दिवस बरं चालतं आणि मग लेझर कायमचा जातो. झाकण उघडं ठेवून ड्राइव्ह चालवताना लेन्सकडे अजिबात पाहू नका. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जवळपास दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि इजा मात्र होते.

सगळे आकडे शून्य, आवाज नाही

गाण्यांची यादी बरोबर, वेळ पुढे सरकतोय, हेडफोन शांत. आधी यादीतला त्या ट्रॅकच्या कंट्रोलचा निबल, म्हणजे चार बिटांचा गट, पाहा. त्यातला ४ किमतीचा बिट एक असेल तर तो डेटाचा ट्रॅक आहे, त्याला वगळून पुढच्याला जा. तो वाजवायला सांगितला तर ड्राइव्ह बहुधा ०५ ६४ म्हणतो. मग ‘आत्ता काय चाललंय’ विचारणाऱ्या ४२ कमांडचं उत्तर पाहा. त्यातल्या १ क्रमांकाच्या बाइटमध्ये ११ म्हणजे वाजतंय, १२ म्हणजे थांबवलंय, १३ म्हणजे संपलं, १४ म्हणजे चुकीमुळे थांबलं. डिस्प्लेवरची वेळही याच उत्तरातून घ्या, सेकंदाला चार वेळा विचारलं तरी पुरतं.

११ येत असूनही आवाज नसेल तर ०ई क्रमांकाच्या मोड पानावरचा (मोड पान म्हणजे ड्राइव्हमधला सेटिंगचा तक्ता) व्हॉल्यूम तपासा, काही ड्राइव्ह तो शून्य धरून उठतात. मागच्या चार पिनांच्या कनेक्टरवर मधले दोन ग्राउंड आणि कडेचे दोन डावा-उजवा, याची खात्री करा. आणि ४७ लाच ०५ २० आलं तर त्या ड्राइव्हला स्वतः वाजवण्याची कमांडच माहीत नाही. नंतरच्या काळातल्या बऱ्याच ड्राइव्हमधून ही सोय काढून टाकली गेली. २ए क्रमांकाच्या मोड पानात ४ क्रमांकाच्या बाइटचा सगळ्यात खालचा बिट हेच सांगतो. हे पान वाचणारी छोटी चाचणी आधीच लिहून ठेवा आणि नवा आणलेला प्रत्येक ड्राइव्ह डब्यात बसवण्याआधी तिच्यातून काढा. समोरच्या पट्टीवर हेडफोनचं भोक आणि पुढच्या गाण्याचं बटण असलेले जुने ड्राइव्ह दिसले तर तेच उचला, कारण ते कंट्रोलरशिवायही वाजतात आणि बिघाड कुणाकडे आहे ते एका बटणात कळतं.

गाण्यांच्या मध्ये अर्धा सेकंद तुटक जागा येत असेल तर तो ड्राइव्हचा दोष नाही. नाट्यसंगीताच्या किंवा मैफिलीच्या सीडीवर टाळ्या एका ट्रॅकमधून दुसऱ्यात वाहत जातात, तिथे हे फार खुपतं. प्रत्येक ट्रॅक संपला की नवी ४७ पाठवू नका. शेवटची वेळ म्हणून लीड-आउटची, म्हणजे सगळी गाणी संपतात तिथली, वेळ द्या, ड्राइव्हला सलग वाजवू द्या आणि ट्रॅक क्रमांक ४२ च्या उत्तरातून वाचून फक्त डिस्प्ले बदला.